खडूनं लिहिलेलं 'हवं'

मी एक जुना लेथ आहे. लाकूड गरागरा फिरवून त्याला गोल आकार देणारं यंत्र. सध्या गल्लीच्या तोंडाशी भंगारात पडलो आहे, आणि मित्रांनो, माझ्या अंगावर खडूनं एक शब्द लिहिलेला आहे. तो शेवटी सांगतो.

मला कुठल्या कारखान्यानं नाही, एका शिंप्यानं घडवलं. त्याची बायको अंथरुणाला खिळली, तेव्हा दुकान बंद करून तो घरी बसला. रिकामे हात त्याला खायला उठले. शिलाई मशीनचा सांगाडा माझे पाय झाला, धुलाई मशीनची मोटर माझा जीव. मोटर असूनही तो सवयीनं नसलेलं पायडल दाबत राही. मला हसू येई.

शिकवायला कोणी नव्हतं. पहिले वाडगे वाळता वाळता चिरले. तो लाकूड तासायच्या पटाशीला शिव्या घाली. बिचाऱ्या पटाशीचा काय दोष? लाकूड ओलं होतं. पुष्कळ लाकडाची वाट लावल्यावर ते त्याच्या डोक्यात शिरलं. मग तो वाडगा आधी जाडच ठेवी, भुशाच्या पोत्यात पुरून ठेवी आणि सावकाश वाळला की पुन्हा माझ्यावर चढवी.

लाकूड गल्लीतलंच. वादळात पडलेला शिरीष, नाहीतर कुणाच्या अंगणातलं वाळून पडलेलं पेरूचं झाड. उभ्या झाडाला तो हात लावत नसे. पडलेलं खोड आवडलं की खिशातला शिंप्याचा खडू काढून त्यावर 'हवं' असं लिही. दुकानात राखून ठेवायच्या चिंध्यांवरही तो हेच लिहायचा. गल्लीला ही खूण पाठ झाली. 'हवं' दिसलं की लोक ते खोड त्याच्या दारात आणून टाकत. घरोघरी त्याचे वाडगे गेले आणि लाकूड कातणारा म्हणून सगळे त्याला कातारी काका म्हणू लागले. ते दिवस माझ्या मानाचे होते.

काकूंच्या खिडकीबाहेर एक तुती होती. पडल्या पडल्या त्यांना दिसे ती तेवढीच. कोणता पक्षी आला, कोणतं पान पिवळं पडलं, हे त्या सांगत आणि काका मला बंद करून ऐकत.

एकदा विजेच्या तारांना अडणाऱ्या फांद्या छाटायला माणसं येणार असं कळलं. नेमकं त्याच दिवशी काकूंना दवाखान्यात न्यायचं होतं. काकांचा जीव टांगणीला लागला. झाडाला कुणी हात लावू नये म्हणून जाता जाता त्यांनी बुंध्यावर ठळक लिहिलं, 'हवं'. म्हणजे, हे झाड इथं हवं.

गल्लीनं ते वाचलं. शेजारच्या वायरमननं छाटणीवाल्यांना सांगितलं, नुसत्या फांद्या काय छाटता, काकांना सगळंच हवंय. गडी मोठ्या मनाचा. स्वतः उभं राहून त्यानं तुती बुंध्यापासून पाडून घेतली, वाडग्यांच्या मापाचे ओंडके करवले आणि माझ्या शेजारी रचले. ओले होते, हळदीसारखे पिवळे.

काका-काकू परतले तेव्हा तो वाटच पाहत होता. म्हणाला, "काका, तुमचं 'हवं' वाचलं आणि दिवसभर दुसरं काही केलं नाही बघा."

काकांनी ओंडक्यावरून हात फिरवला. "छान कापलंयस," एवढंच म्हणाले. बुंध्यावरचा शब्द त्यांचाच होता.

थोड्या वेळानं आतून काकूंचा आवाज आला, "अहो, पडदा ओढता का? ऊन डोळ्यांवर येतंय."

पडदा ओढला तो ओढलाच. काकांनी मला पुन्हा सुरू केलं नाही. ओंडके पिवळ्याचे तपकिरी झाले आणि तडकत गेले. त्यांना भुशात पुरायला कोणी आलं नाही. लोक मात्र विचारत, काका, तुतीचे वाडगे कधी? मला चीड येई. पण चिडायचं तरी कुणावर? वाईट कुणाच्याच मनात नव्हतं, आणि तेच जास्त टोचतं.

पुढे काकू गेल्या, मग काका. घर रिकामं करायला पुतण्या आला. त्याला काकांचा खडू सापडला. न्यायच्या वस्तूंवर त्यानं 'हवं' लिहिलं. कपाटावर, पंख्यावर, शिल्लक दोन वाडग्यांवर. माझ्यापाशी येऊन त्यानं लिहिलं, 'नको'.

मित्रांनो, मला तेलपाणी करा असं मी म्हणत नाही. ती वेळ गेली. एवढंच मागणं आहे, की जे उभं राहायला हवं असेल त्याच्यासाठी पूर्ण वाक्य लिहा, आणि कुणाचा एक शब्द वाचून कुऱ्हाड उचलण्याआधी त्या माणसाला विचारा. काकांचं 'हवं' अख्ख्या गल्लीत कुणालाच कळलं नाही. माझ्यावरचं 'नको' मात्र सगळ्यांना बरोबर कळलं.