पंखा ऐकू येता कामा नये

बाबा गेल्यानंतर घरात पहिलं भांडण झालं ते जागेवरून नाही की दागिन्यांवरून नाही. दोन तळहातांवर मावेल अशा एका यंत्रावरून झालं.

हातात धरून गेम खेळायचा तो कॉम्प्युटर होता. मध्ये पडदा, दोन्ही कडांना बटणं, पाठीत एक छोटासा पंखा. बाबांचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा दादाने आणून दिला होता, खुर्चीत पडून वेळ जात नाही म्हणून. आई त्याला डबडं म्हणायची. "चष्मा विसरलात तरी चालेल, डबडं विसरू नका," असं ती दारातून ओरडायची आणि बाबा पिशवीवर थाप मारून दाखवायचे.

त्या रविवारी दादा आला तो सरळ बाबांच्या टेबलापाशी गेला आणि चार्जरची वायर गुंडाळायला लागला.

"उद्या डायलिसिस सेंटरवर देऊन टाकू," तो म्हणाला. "बाबांच्या नावाने. तिथे सगळे नुसते छताकडे बघत पडलेले असतात. मी हे पुसून कोरं करतो आणि चांगले गेम भरून देतो."

"दे," ठकी म्हणाली. "पण पुसायचं नाही."

चाळिशी ओलांडलेली, छापखान्यात मुद्रितं तपासणारी, पुस्तकांनी खोली भरून टाकलेली ही बाई घरात मात्र अजून ठकीच होती. नाव बाबांनी ठेवलं होतं. आता त्या नावाने हाक मारणारी दोनच माणसं उरली होती आणि दोघंही त्याच खोलीत होती.

"का पुसायचं नाही?"

"बाबांची नाव आहे त्यात. शेवटच्या दारापर्यंत आली आहे."

दादाने वायर खाली ठेवली. नाव म्हणजे कुठली, हे त्याला माहीत होतं. बाबा एकच गेम खेळायचे, तोही जुनापुराणा. नदीतून मालाची नाव न्यायची. वाटेत पाण्याच्या कोंड्या लागतात. नाव कोंडीत शिरली की मागचं दार बंद होतं, पाणी हळूहळू चढतं किंवा उतरतं, पुढचं दार उघडतं, नाव पुढे जाते. अशा कोंड्या पार करत समुद्र गाठायचा. बाबांनी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला होता. "ही पाण्याची लिफ्टच की गं," असं म्हणून त्यांनी जो हा गेम धरला, तो सोडला नाही. जाण्याच्या आधीच्या खेपेला खुर्चीतून उठताना ते म्हणाले होते, "एक दार राहिलंय, ठके. मग समुद्र." पुढची खेप झाली नाही.

"ठके, तो गेम या मशिनवर चालतच नाही," दादा शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाला. रोज संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटरच्या कंपनीत लोकांच्या तक्रारी ऐकून त्याला हा आवाज कमावता आला होता. "हे बघ. गेमच्या स्टोअरवर स्वच्छ लिहिलंय."

लिहिलेलं होतंच. जे गेम या यंत्रावर नीट चालतात त्यांच्या चित्राशेजारी हिरवी खूण होती. नावेच्या चित्राशेजारी राखाडी फुली आणि खाली ओळ: हा गेम या उपकरणावर चालत नाही.

ती ओळ वाचून बाबा काय म्हणाले होते ते ठकीला पक्कं आठवत होतं. "चालत नाही? कोणाला विचारून लिहिलं?" लिफ्टवर चिकटवलेल्या पाट्यांशी ते असंच बोलायचे. डॉक्टरांशीसुद्धा. डॉक्टर म्हणाले होते की या वयात या मूत्रपिंडांवर फार दिवस निघत नाहीत. बाबांनी निघत नाहीत ते दिवस काढून दाखवले, वर डॉक्टरांच्या इमारतीची लिफ्ट का थरथरते तेही सांगून आले.

"बाबांकडे चालत होता," ठकी म्हणाली.

"काहीतरी खटपट केली असेल त्यांनी. ते काय, त्यांनी चपलेच्या खिळ्यावर रेडिओ लावला असता. पण उद्या तिथे कोण खटपट करणार? ज्याच्या हातात देऊ त्याला चालणारं द्यायला नको?"

बोलणं खोटं नव्हतं. म्हणूनच ठकीला जास्त राग आला.

"चालवून दाखवलं तर?"

"चालवून दाखव. शेवटचं दार पार करून दाखव. नाही पुसणार. पण नाही झालं तर हट्ट सोडायचा."

"हट्ट तुझाही आहे."

"दोघांचाही आहे," आई भिंतीशी बसून कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "बापावर गेलात. पण भांडण आवाज कमी करून करा."

दादा मदतीला बसला. मनात काही वाकडं नव्हतं त्याच्या. आधी त्याने यंत्राला एक नवं अपडेट दिलं, मग या गेमसाठी बाबांनी केलेली वेगळी मांडणी रद्द करून सगळं मूळपदावर आणलं. "स्वच्छ पाटीवर सुरुवात करू," म्हणाला. बटण दाबलं. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला.

"बघ."

"दुभाषी बदलला का तू?"

"काय?"

दुभाषी हा बाबांचा शब्द. गेम लिहिलेला एका प्रकारच्या कॉम्प्युटरसाठी, हे यंत्र दुसऱ्या प्रकारचं. दोघांची भाषा एकमेकांना कळत नाही, म्हणून मध्ये एक प्रोग्रॅम बसतो आणि इकडचं तिकडे सांगतो. त्याच्या नव्याजुन्या आवृत्त्यांची यादी असते. "म्हाताऱ्या गेमला म्हातारा दुभाषी," असं म्हणत बाबांनी यादीच्या तळाचा निवडला होता. शेजारी स्टुलावर बसून ठकी त्यांना पुस्तक वाचून दाखवत होती. वाचता वाचता तिने ते पाहिलं होतं आणि दुभाष्याची उपमा छान आहे, एवढंच मनात टिपलं होतं.

तिने यादी उघडली, तळाशी गेली, सगळ्यात जुना निवडला. बटण दाबलं.

नदी आली. धुरकट कडा, खडबडीत झाडं, आणि दगडी कोंडीच्या तोंडाशी बाबांची नाव. त्यांनी बांधून ठेवली होती तशीच, दोरासकट.

आई घडी अर्धी ठेवून उठून आली.

मग दादा पुढे सरकला. "थांब, थांब. हे काय दिसतंय का नीट? त्यांनी जन्मभर काटकसर केली. निदान आज तरी झोकात जाऊ दे." त्याने कडेचं बटण दाबून सेटिंग्जची पट्टी बाहेर काढली. वीज पूर्ण, चित्रं सर्वांत रेखीव, सेकंदाला दाखवायच्या चित्रांची संख्या दुप्पट. नदी काचेसारखी लखलखली. झाडांची पानं वेगळी दिसायला लागली. पाठीतला पंखा गुरगुरला आणि लगेच मोठ्याने घोंघावू लागला.

"आता कसं!" दादा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि ते त्याला कोणाला कळू द्यायचं नव्हतं.

ठकीने नाव कोंडीत घातली. मागचं दार लागलं. पुढे भरतीचा समुद्र होता म्हणून पाणी चढायला लागलं, पण चढायला लागलं म्हणजे उसळलंच. नाव भिंतीवर आपटली, वाकडी झाली, पुढच्या दाराखाली सापडली आणि पालथी झाली. माल पाण्यावर तरंगला.

गेमने नाव पुन्हा दोराला बांधून दिली. ठकीने पुन्हा घातली. पुन्हा पालथी. तिसऱ्यांदा दादाने स्वतः चालवली, फार काळजीने. पालथी.

"झालं," तो यंत्र मांडीवर ठेवून म्हणाला. "सपोर्ट नाही म्हणजे हेच, ठके. चालू होईल, पण चालणार नाही. आपण काही कमी केलं नाही. आता सोड."

कमी केलं नाही. ठकी त्या शब्दांवर अडली. मुद्रितं तपासताना असं व्हायचं. वाक्य सरळ असायचं, पण कुठेतरी एक काना ठेच लागावी तसा लागायचा.

"हे एवढं ओरडतंय का?" आईने विचारलं. "त्यांच्याकडे कधी ओरडलं नाही. एकदा मला वाटलं, झोपले की काय मांडीवर डबडं घेऊन. बघते तर खेळतायत."

ठकीने आईकडे पाहिलं आणि यंत्र दादाच्या मांडीवरून उचललं.

सेंटरमध्ये बाबांच्या शेजारच्या खुर्चीत एक आजोबा असायचे. घरी त्यांना झोप लागत नसे, ती तिथे लागायची. पहिल्या दिवशी या पंख्याने ते जागे झाले आणि काही न बोलता डोळे मिटून पडून राहिले. बाबांनी ते पाहिलं. डाव्या हातात सुया होत्या, तो हलवायचा नाही. उजव्या हाताने त्यांनी यंत्र उचललं आणि कानाशी धरलं, लिफ्टच्या मोटरला कान लावायचे तसं. मग पट्टी काढून वीज एक घर कमी केली, ऐकलं. अजून एक घर, ऐकलं. मग चित्रं कमी केली. "पंखा ऐकू येता कामा नये," ते ठकीला हळूच म्हणाले. "तोवर उतरवत जायचं. आकडे बघायचे नाहीत."

ठकीने यंत्र कानाशी धरलं.

"काय करतेस?"

"गप्प बस जरा."

वीज एक घर खाली, अजून एक. घोंघावणं गुरगुरण्यावर आलं. पानांचा रेखीवपणा गेला, झाडं पुन्हा खडबडीत झाली. दादा कळवळून म्हणाला, "अगं, सगळा चिखल केलास." सेकंदाची चित्रं उतरवली. गुरगुर बारीक झाली. अजून उतरवली. आता पंख्याचा आवाज होता की तिच्याच कानातला, हे कळेना. तिने श्वास रोखला. घरात आईच्या बांगडीचा आवाज आला. बाकी काही नाही.

मग तिने डावा हात मांडीवर ठेवला. तो लागतच नव्हता. बाबांनी सगळी कामं उजवीकडच्या बटणांवर आणून ठेवली होती आणि दादाच्या स्वच्छ पाटीत नेमकी ती बटणांची मांडणी पुसायची राहून गेली होती. हिरव्या खुणांच्या एकूण एक गेमांना दोन हात लागत. नावेला घाई नव्हती, तिला एक पुरत होता.

नाव कोंडीत शिरली. मागचं दार लागलं. पाणी चढायला लागलं, दमाने, एखाद्या म्हाताऱ्याने जिना चढावा तसं. नाव डुलली. भिंतीला हलकेच टेकली. वर आली. पुढचं दार उघडलं.

"अरे!" दादा ताठ बसला. दोन क्षण त्याच्यातला कॉम्प्युटरवाला आणि मुलगा एकमेकांना ढकलत होते, मग कॉम्प्युटरवाला बोलला. "कळलं. कळलं! प्रत्येक चित्रामागे पाणी ठरावीक वर येतं. त्या काळी तसंच लिहायचे. मी चित्रं दुप्पट केली, पाणी दुप्पट वेगाने आलं. तो कमी वेगावरच चालतो. बाबांना हे माहीत होतं?"

"नाही," ठकी म्हणाली. "त्यांना शेजारचे आजोबा झोपायला हवे होते."

नाव दाराच्या पलीकडे थांबली होती. ठकीचा अंगठा बटणावर होता आणि हलत नव्हता.

"थांबलीस कशाला?" आई म्हणाली.

"इथे बांधून ठेवावी असं वाटतंय."

"ते थांबले असते? एवढं दार उघडून?" आईचा आवाज कडक झाला. "ने पुढे. रडायचं असेल तर चालवता चालवता रड."

ठकीने नाव पुढे नेली. काठ दूर गेले, पाण्याचा रंग बदलला आणि समुद्र लागला. वाजंत्री नाही, आतषबाजी नाही. माल पोचला, एवढीच ओळ आली. ठकीला ती ओळ फार आवडली. तिच्या हातून इतक्या मुद्रितांतून इतकं काही गेलं होतं, पण अशी एकही अक्षर कमी करता येणार नाही अशी ओळ क्वचितच.

दादाने चार्जर पुन्हा गुंडाळला. "नाही पुसत," तो म्हणाला. "पण मी दुसरेही भरतो. एका हाताने खेळता येतील असे. शोधतो."

"शोध. आणि ऐकून भर."

सोमवारी सकाळी दोघं सेंटरवर गेले. बाबांच्या खुर्चीत एक बाई होती, डावा हात उशीवर, नजर छताला. शेजारच्या खुर्चीतले आजोबा जागे होते. पिशवीतून यंत्र निघालेलं पाहून त्यांनी मान वळवली.

"लिफ्टवाल्यांचं ना हे?"

"हो."

"काय करायचे हो ते त्यावर? पहिला दिवस सोडला तर मला कधी काही ऐकूच आलं नाही."

"नाव चालवायचे," दादा म्हणाला आणि पिशवीतून चार्जर काढू लागला.

सिस्टरने यंत्र हातात घेऊन उलटंपालटं केलं. "छान आहे. पण मला यातलं काही कळत नाही हं. सगळे गेम चालतात ना यात?"

ठकीने यंत्र सुरू करून तिला नावेचं चित्र दाखवलं, शेजारची राखाडी फुली दाखवली.

"इथे लिहून येईल की चालत नाही," ती म्हणाली. "येऊ दे. तरी दाबायचं."