सत्कार शेवटी ठेवला

रेणुकादास सरांचा सत्कार मी मुद्दाम शेवटी ठेवला. आमच्याकडे पाहुणा मंचावर बसला की लगेच शाल, श्रीफळ उरकून घेतात आणि मग भाषण सुरू होतं. प्राचार्य आनंदराज सर म्हणाले, "मॅडम, पाहुणे काय म्हणतील?" मी म्हटलं, "सर, सत्कार शेवटी ठेवला तर मुलं शिस्तीत बसून राहतील." ही शुद्ध थाप होती, कारण सत्काराचं नाव काढलं की आमची मुलं मागच्या दाराने पळतात. पण आनंदराज सरांना शिस्त हा शब्द ऐकवला की ते मान डोलावतात.

लातूरच्या या ज्युनियर कॉलेजात मी मराठी शिकवते. अकरावीच्या मुलांसाठी 'नेतृत्व आणि चारित्र्य' अशी एक दिवसाची कार्यशाळा घ्यायची टूम निघाली, तेव्हा नांदेडच्या रेणुकादास सरांचं नाव मीच सुचवलं. फोनही मीच केला, सासरचं आडनाव सांगून. माहेरचं सांगितलं असतं तरी त्यांना काही आठवलं नसतं म्हणा.

मी स्वतः अकरावीत होते तेव्हा नांदेडला त्यांच्या शिबिराला गेले होते. शेवटच्या संध्याकाळी सरांनी मध्ये समई लावली, आम्हाला गोल बसवलं आणि म्हणाले, हे विश्वासाचं वर्तुळ आहे. मनात जे डाचतंय ते बोला. इथलं इथंच राहील, हा माझा शब्द. सगळी पोरं बोलली, मीही बोलले. माझी माय चाकूरला शाळेत खिचडी शिजवते. पोरं जेवून उठली की पातेल्याच्या तळाला लागलेली खरवड ती डब्यात भरून आणते आणि आम्ही भावंडं तीच खातो. एकदा मैत्रिणीने तो डबा पाहिला, तर मी म्हटलं, शेजारणीचा आहे. मला डाचत होतं ते हे. सरांनी डोळे टिपले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, जगात एका तरी माणसाला आपण कळलो.

पुढच्याच वर्षी चाकूरला शिक्षकांपुढे त्यांचं व्याख्यान झालं. त्यात माझी गोष्ट होती. फक्त खरवड गायब झाली होती आणि तिच्या जागी पोरांच्या तोंडची खिचडी चोरणारी बाई आली होती. ऐकणाऱ्यांत मायच्या शाळेचे हेडसरही होते. चाकुरात शाळेची खिचडी शिजवणाऱ्या आणि लेक नांदेडच्या शिबिराला पाठवलेल्या बाया काही ढिगाने नव्हत्या. आठवडाभरात मायचं काम गेलं. "तुमच्यावर माझा संशय नाही," हेडसर म्हणाले, "पण बभ्रा झाल्यावर ठेवता येत नाही." तेव्हापासून माय दुसऱ्यांच्या रानात सोयाबीन कापायला जाते. गल्लीतल्या बाया तिला बघितलं की अंगणातली भांडी आत घ्यायच्या.

माय मला कधी रागावली नाही. एकदाच विचारलं, "मी चोरली म्हनून सांगितलंस का?" मी नाही म्हटलं. "मग ऱ्हाऊ दे," म्हणाली, आणि विषय संपला. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मी सरांना फोन करून म्हटलं, ती गोष्ट सांगणं बंद करा. ते गोड आवाजात म्हणाले, "बाळा, मी कुणाचं नाव घेतो का? किती मुलं त्यातून घडतात!" गोष्ट बंद झाली नाहीच, उलट तिचा व्हिडिओ निघाला. तो मी इतक्यांदा पाहिला आहे की सर कुठे आवंढा गिळतात तेही मला पाठ आहे. मायच्या कपाळावरचं चोर हे नाव त्यांच्याच तोंडाने पुसून घ्यायचं, हे मी तेव्हाच ठरवलं. त्यासाठी शिक्षिका झाले असं नाही म्हणणार, पण माईक हातात यायची वाट मात्र पाहिली.

कार्यशाळेच्या आदल्या दिवशी मायला लातूरला आणलं. म्हटलं, "उद्या पाहुण्याला शाल घालायची हाय, माय." तिने विचारलं, "कोन पावना हाय?" मी नाव सांगितलं. तिने पिशवीतून दोन लुगडी काढली. मग म्हणाली, "कोनचं लुगडं नेसू?"

सकाळी सर आले. केस पिकले होते, आवाज तसाच लोण्यासारखा होता. शिकवतात चांगलं, हे मला मान्य करावं लागेल. चूक कबूल करायची हिंमत हा त्यांचा हुकमी धडा. पहिल्या रांगेतल्या भार्गवीला त्यांनी उठवलं आणि तिची एक चूक सांगायला लावली. ती पुटपुटली, मैत्रिणीच्या नोट्स लपवल्या होत्या. सर म्हणाले, "माईकवर! सगळ्यांना ऐकू येऊ दे. चूक जिथं केली तिथंच आणि त्याच लोकांसमोर कबूल करायची. कोपऱ्यात मागितलेली माफी ही माफी नसते." बिचारीने लालबुंद होऊन माईकवर सांगितलं. सरांनी सगळ्या हॉलला टाळ्या वाजवायला लावल्या. तिसऱ्या रांगेत माझी माय हिरव्या लुगड्यात बसली होती. तिनेही वाजवल्या.

दुपार झाली, भाषण संपत आलं, तरी ती गोष्ट येईना. न सांगताच बसले असते तर माझा सगळा घाट पाण्यात गेला असता. शेवटी सूत्रसंचालनाच्या टेबलावरून मीच म्हटलं, "सर, ती चाकूरच्या मुलीची गोष्ट आमच्या मुलांना ऐकायचीच आहे." सर खुलले. "तुम्ही ऐकलीय वाटतं?" म्हणाले आणि आवाज खाली आणला.

सगळं ठरलेल्या जागी आलं. चोरलेली खिचडी आली, पदराखाली लपवलेला डबा आला, सरांनी पोरीला दिलेला धीर आला आणि आवंढाही आला. पण या खेपेला शेवट नवा होता. "ती आई शेवटी पश्चात्तापाने खंगून गेली," सर म्हणाले. "मरताना लेकीला सांगून गेली, बाळा, सरांची वाट सोडू नकोस." पोरी डोळे पुसायला लागल्या. मी मायकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत आपल्या मरणाची हकिकत ऐकत होती. त्या माणसाच्या तोंडात माती कोंबावी असं मला वाटलं. इथून पुढे मी त्याला अहो-जाहो करणार नाही.

मी माईक घेतला आणि आवाज अगदी गोड ठेवला. "आता सरांचा सत्कार. शाल आणि श्रीफळ देणार आहेत चाकूरच्या पंचफुलाबाई. त्या तिथल्या शाळेत खिचडी शिजवायच्या. सरांनी आत्ताच सांगितलं की त्या वारल्या, पण त्या आल्या आहेत. माझी माय आहे ती. टाळ्या वाजवू या."

टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विझल्या. शाल कुणाच्या हातची आहे हे पाहुणे कधी बघत नाहीत. सत्कार हा शब्द ऐकताच तो सवयीने उठला होता, मानही वाकवली होती. माय मंचावर चढली, तिने शाल नीट उलगडून त्याच्या खांद्यावर घातली. नारळ मात्र हातातच ठेवला. मी तिच्यापुढे माईक धरला.

"पोरं जेवून उठल्यावर तळाची खरवड न्हेत हुते मी, सर," माय म्हणाली. "दुसरं काय बी न्हाई." मग तिने नारळ थोडा वर उचलला. "ह्यो नारळ घरी न्हेऊ का? का ह्याला बी चोरी म्हनताल?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी मी त्याला आठवले. रंग उडाला होता चेहऱ्याचा, आणि मला ते बघून फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तो मायकडे वाकला आणि कुजबुजला, "माफ करा बाई, थोडा गैरसमज झाला."

पहिल्या रांगेतून भार्गवी उठली. "सर, माईकवर," ती म्हणाली. "सगळ्यांना ऐकू येऊ दे."

कुणी हसलं नाही. मागून एक पोरगा म्हणाला, "हाव सर, माईकवर." मग आणखी दोघं-तिघं उठली. आनंदराज सर छताच्या पंख्याकडे बघत बसले. मी माईक त्याच्यापुढे नेला आणि तसाच धरून ठेवला. त्याने घसा खाकरला, पाण्याची बाटली चाचपली, ती रिकामी होती. पोरं त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"या बाई चोर नाहीत," शेवटी तो म्हणाला. आवाजात लोणी नव्हतं. "यांच्या मुलीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी बाहेर सांगितली. चोरीचं मी घातलं त्यात. मरणाचंही मीच घातलं."

मी आभार मानले. पाहुण्यांचे, प्राचार्यांचे, मांडववाल्यांचे, ध्वनिक्षेपकवाल्यांचे आणि सगळ्यांत शेवटी भार्गवीचे. तो चहाला थांबला नाही.

मायला स्टँडवर सोडायला रिक्षा केली. बसल्या बसल्या मला रडू फुटलं. बारावीपासून छातीवर ठेवलेला दगड उतरला, असं मी तिला म्हटलं. वाटलं होतं, तीही रडेल, नाहीतर म्हणेल की जाऊ दे, झालं गेलं. ती बाहेर बघत होती, नारळ मांडीवर घट्ट धरून.

"करिश्मा," ती म्हणाली, "तिथं आपल्या शाळंचा हेडसर न्हवता."

"न्हाई, माय. तो चाकूरलाच असतो."

"गल्लीतल्या बाया बी न्हवत्या."

"न्हवत्या."

"जिथं चुकलं तिथंच बोलायचं, त्यानंच सांगितलं की पोरांला." ती माझ्याकडे वळली. एवढ्या वर्षांत तिच्या डोळ्यांत मी तशी आग पाहिली नव्हती. "चाकुरात कवा बोलवायचं ह्याला?"

मी डोळे पुसले आणि पर्समधून फोन काढला. स्टँड आलं तशी ती उतरली, नारळ पिशवीत नीट खाली ठेवला.

"ह्यो फोडत न्हाई मी," माय म्हणाली. "तिथं लागंल."