नाट लागू नये म्हणून

मी डेल ऑस्ट्रँडरचा ग्लोव्ह बोलतोय. बेसबॉलच्या पिचरचा, डाव्या हाताचा. उजव्या हातानं चेंडू टाकायचा, म्हणून सगळं कौतुक उजव्याचं. ते असो. चामडं गाईचं असलं तरी स्वभाव माझा बैलाचा आहे. मानमरातबाशिवाय ओझं ओढायची मला सवय आहे.

नवा होतो तेव्हा लाकडासारखा ताठ होतो. डेलनं मला तेल चोळलं, पोटात चेंडू ठेवला, कमरेच्या पट्ट्यानं आवळलं आणि गादीखाली घालून वर झोपला. आयोवातल्या त्याच्या घरी सगळे असंच करतात. त्याची आई म्हणायची, "लग्न झाल्यावर बायकोला कुठे झोपवणार आहेस?"

मग आली खालच्या लीगमधली वर्षं. बसचे प्रवास, शेंगदाण्याचं लोणी लावलेला पाव, आणि शेजारच्या सीटवर कॅचर लॉनी पेट्राक. डेल टाकणार, लॉनी पकडणार. लॉनीचं तोंड कधी बंद नसे. सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकत तो बोलतच राही. "तुझा चेंडू इतका हळू आला रे, की मी मधल्या मध्ये आईला पत्र लिहिलं!"

दोघं मैदानात बोलत तेव्हा डेल मला तोंडासमोर धरी. समोरच्यांना ओठ वाचता येऊ नयेत म्हणून सगळेच पिचर तसं करतात. त्यामुळे त्याचं खरं बोलणं पहिल्यांदा माझ्या कानी पडे. कोपर दुखतंय, हेही त्यानं आधी मलाच सांगितलं. डॉक्टरांना सांगितलं असतं तर जागा दुसऱ्याला गेली असती. रांगेत पुष्कळ जण उभे होते.

एका उन्हाळ्यात दोघांनाही वरच्या संघात बोलावणं आलं. डेलला तिथे जेमतेम काही सामने मिळाले. त्यातलाच हा एक.

पाचवा डाव संपला तेव्हा समोरच्या संघाला एकही धड फटका मारता आला नव्हता. नऊ डाव असंच चाललं, तर पिचरचं नाव कायमचं लिहून ठेवतात. पण त्याचा उच्चार करायचा नसतो. पिचरशी बोलायचं नसतं, त्याच्याजवळ बसायचं नसतं, नाहीतर नाट लागते. ही मोठी माणसं, पगार घेणारी, दाढीमिशा असलेली, पण या बाबतीत सगळी सारखी.

लॉनी उठला आणि बाकाच्या पार टोकाला जाऊन बसला. मॅनेजर हॅस्कल म्हातारा, त्यानं डेलकडे बघणंच सोडलं. एवढ्या लांब बाकावर डेल, मी, आणि आजूबाजूला कोणी नाही.

सहाव्या डावात कोपरात काहीतरी सटकलं. डेल परत आला, माझ्यात तोंड खुपसलं आणि पुटपुटला, "कोणी विचारलं तर सांगेन. एकानं जरी विचारलं, तरी सांगेन."

मी लॉनीकडे बघत होतो. मला ओरडता येत असतं तर बरं झालं असतं. लॉनीनं बिया चघळणंसुद्धा थांबवलं होतं. त्याला दिसत होतं, कॅचरला दिसतंच. डेलचा चेंडू हातभर खाली येत होता आणि प्रत्येक फेकीनंतर तो दात माझ्या चामड्यात रुतवत होता. ते वळ अजून आहेत.

आठव्या डावात लॉनी तोंडावरचा जाळीचा मुखवटा वर करून, पिचर उभा राहतो त्या उंचवट्यापर्यंत आला. डेलनं मला तोंडासमोर धरलं. मला वाटलं, आता सुटलो.

"लॉनी, ऐक ना..."

"गप! एक अक्षर नको. आज कोणी काही बोलायचं नाही." लॉनीनं मुखवटा खाली ओढला. "टाक फक्त." आणि पाठ वळवून गेला.

नवव्या डावातला शेवटचा माणूस. डेलनं चेंडू टाकला आणि कोपरातून कड्‌ असा आवाज आला. मी दुसऱ्या हातावर होतो, तरी ऐकला. बॅटरनं चेंडू सरळ परत हाणला, डेलच्या छातीवरच. हात माझ्यासकट आपोआप वर गेला आणि चेंडू माझ्या पोटात बसला.

झालं! सगळं बाक धावत आलं. इतका वेळ गप्प असलेले सगळे एकदम बोलायला लागले. त्यांनी डेलला खांद्यावर घेतलं आणि त्याचा उजवा हात धरून उंच केला. डेल किंचाळला. लोकांना वाटलं, आनंदानं.

तो त्याचा शेवटचा सामना. कोपर कापलं, शिवलं, पण चेंडू पुन्हा लॉनीपर्यंत पोहोचला नाही.

आता डेल ट्रॅक्टरचे टायर विकतो आणि मी त्याच्या दुकानात खिळ्याला आहे. गिऱ्हाईकं म्हणतात, "काय नशीब, राव!" डेल हसतो आणि डाव्या हातानं कॉफी ओततो.

लॉनी दर शरदात येतो, ॲपल पाय खातो, तोच सामना सांगतो. परवा मात्र सांगता सांगता थांबला. मला खिळ्यावरून काढलं, हातात घातलं आणि जुन्या सवयीनं तोंडासमोर धरलं.

"डेल, तेव्हा दुखत होतं का रे?"

डेलनं कॉफीचा पेला खाली ठेवला. "सहाव्या डावापासून."

लॉनीनं मला बराच वेळ तोंडावरून काढलं नाही. घाम, तेल, थुंकी सगळं मी प्यालोय, पण इतका ओला कधी झालो नव्हतो. डेल उठून त्याच्या शेजारी बसला, अगदी खेटून.

तर बाबांनो, तुमच्या बाकावर कोणी एकटं बसलं असेल, तर सरकून जवळ जा आणि विचारा. नाट लागली तर खुशाल माझ्या नावावर घाला. माझं आता काय बिघडणार आहे?