घड्याळ बघत बसवलेला सर्व्हर

मी सर्व्हर बोलतोय. ओश शहरात, बाजारामागच्या शिकवणीत माझी हयात गेली, आणि तिथल्या एकाही माणसाबद्दल मला माया नाही.

दोन मेलेल्या संगणकांचे अवयव जोडून एर्मेक मास्तरांनी मला उभं केलं आणि माझ्यात जावास्क्रिप्ट घातली. वेबसाइटच्या पानावरची बटणं हलवणारी भाषा म्हणून लोक तिला ओळखतात. माझ्या पोटात मात्र ती मागणी घेते, काम करवते, उत्तर धाडते. मास्तर घसा फोडून सांगायचे, "याला चित्त एकच. एका कामापाशी खिळवलंत तर बाकीचे दाराशी ताटकळतील." पोरी माना डोलवायच्या आणि फोनमध्ये तोंड खुपसायच्या.

त्यातलीच पेरिझात. सासरी तंदूर, नान विकायचा धंदा. घरबसल्या नान मागवता यावेत म्हणून तिने एक पान बनवायला घेतलं. सासू बुरुल्कानने बजावलं होतं, "चाललं तर शीक. नाही चाललं तर शिकवणी बंद, तंदुरापाशी उभी राहा."

ठरल्या दिवशी सासू आणि मोठी जाऊ ग्युलझार वर्गात येऊन बसल्या. ग्युलझारने फोनवरून नान मागवले. मी पेरिझातची ओळ वाचली आणि माझं डोकंच फिरलं. तिने लिहिलं होतं, नान भाजून होईस्तोवर घड्याळ बघत राहा, मग 'घेऊन जा' म्हणून कळव. गजर लावून पुढच्या कामाला लाग, हे सांगायचं राहिलंच. बसलो बघत. वेळ झाली का? नाही. झाली का? नाही. माझा पंखा घोंघावू लागला.

तेवढ्यात सासूने आपली मागणी टाकली. तिच्या फोनवर नुसतं चाक फिरत राहिलं.

"काय गं, तुझा नोकर झोपला वाटतं."

"तिच्या हाताखालचा ना, आई," ग्युलझार म्हणाली. "तिच्यासारखाच उठेल, उन्हं वर आल्यावर."

पेरिझातने मला लाथ घातली. "यंत्रच भंगार आहे, आई. माझं लिहिलेलं बरोबर आहे."

मास्तरांना ती ओळ दिसत होती. पण सासूदेखत पोरीची शोभा नको म्हणून ते छताकडे बघत राहिले.

सासूने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "भंगारच दिसतंय. दुसरं आणा. मग एकदाच बघेन."

दुसरं आलं. सासू पुन्हा यायच्या आदल्या दिवशी पेरिझातने चालवून पाहिलं, तर तेही तिथेच अडलं. आता बोट दाखवायला कुणी उरलं नव्हतं. तेव्हा कुठे तिने आपली ओळ वाचली, खोडली, गजराची लिहिली. दुसऱ्या दिवशी सासूची मागणी झटक्यात नोंदली गेली. म्हातारी "हं" एवढंच म्हणाली, आणि शिकवणी टिकली.

मी आता मागच्या खोलीत, बटाट्याच्या पोत्याखाली आहे. पेरिझात नव्या पोरींना शिकवते. यंत्र बिघडलंय असं कुणी म्हटलं की खेकसते, "आधी स्वतःची ओळ वाच." भिंतीआडून सगळं ऐकू येतं मला.

तुमची कीव नको. पोतं तेवढं बाजूला करा. आणि तिला सांगा, एकदा त्या पोरींना घेऊन इथे ये आणि त्यांच्यासमोर म्हण, हा बिघडला नव्हता.