एक्कावन्न फेरे

आमची शेवरोले बावन्न सालची, पण तिचा मागचा अ‍ॅक्सल तिचा नाही. कुणाचा, ते कुणालाच ठाऊक नाही. सासऱ्यांनी गाडी घेतली तेव्हाच तो तिला जोडलेला होता, आणि त्यावरचे आकडे गंजाने खाल्ले होते. गेल्या आठवड्यात त्याच्या आतल्या दातेरी चाकाचा एक दात तुटला. साग्वा गावाहून सांता क्लारा शहराला सवाऱ्या नेणारी गाडी अंगणात उभी राहिली, आणि तिच्याबरोबर आमचं घरही अडलं.

सोमवारी दुपारी सुटे भाग विकणारा कामाग्वेचा ट्रकवाला गावात तासभर थांबणार होता. त्याच्याकडे क्राउन-पिनियनच्या, म्हणजे अ‍ॅक्सलमधल्या दातेरी चाकांच्या, दोन जोड्या होत्या. एक रशियन जीपची, एक व्होल्गा मोटारीची. आम्हाला मिळणार होती एकच, आणि तो परत येणार थेट नाताळात. कोणती बसेल ते कळायला अ‍ॅक्सल उघडून दात मोजायचे, तर तो अख्खा गाडीखालून काढावा लागतो. त्यात दिवस जातो.

शेजारचे एव्हेलियोकाका पाठीवर सरकत गाडीखाली गेले. जुने मेकॅनिक. वय एक्क्याऐंशी, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यांनी अ‍ॅक्सलच्या नळीवरच्या वेल्डिंगवरून सावकाश अंगठा फिरवला.

“लेओन्सियोच्या हातचं आहे हे. प्रत्येक टाका डावीकडे कललेला. डावखुरा होता ना! जन्मभर साखर कारखान्याच्या वर्कशॉपात राबला, आणि कारखान्यात होत्या फक्त जीप. जीपचीच जोडी घ्या.”

“काका, तुमच्या अंगठ्यावर घर चालवू होय?” माझा नवरा उलिसेस म्हणाला.

“मग तुझ्या मास्तरीणबाईंना मोजू दे.”

मी वीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवते. एक मागचं चाक जॅकवर उचललं, चाकावर आणि इंजिनाकडून अ‍ॅक्सलकडे येणाऱ्या मधल्या शाफ्टवर खडूने खूण केली. चाकाचे दहा फेरे झाले की शाफ्टचे जीपला एक्कावन्न व्हायला हवेत, व्होल्गाला सेहेचाळीस.

झाले साडेपंचवीस.

“झालं! हा तर टांग्याचा निघाला,” उलिसेसने कपाळाला हात लावला.

गाडीखालून आवाज आला, “पोरी, दुसरं चाक कुठाय?”

जमिनीवर. माझे कान तापले. एक चाक अडलेलं असलं की मोकळं चाक दुप्पट फिरतं. दरवर्षी फळ्यावर मीच काढून दाखवते.

“वीस फेरे दे,” काका म्हणाले. “सावकाश. ट्रक काही उडून जात नाही.”

वीस दिले. शाफ्टचे एक्कावन्न झाले, वर पाव.

“जीप,” उलिसेस हळूच म्हणाला.

गुरुवारी नवी जोडी बसली. उलिसेस पुलापर्यंत गाडी नेऊन परत आला, तेव्हा मागून जराही आवाज नव्हता. काका पायरीवर कॉफी पीत होते.

“माणूस सोन्यासारखा होता लेओन्सियो,” ते म्हणाले. “टाके तेवढे वाकडे.”

मी गाडीखाली आडवी झाले आणि त्या वेल्डिंगवरून अंगठा फिरवला. दोनदा फिरवला. मला सगळे टाके सारखेच लागले.