सोळा थाऊ

४२

पुढचं चाक फोर्कमध्ये बसलंय. एक्सल आवळून झालाय. मागचं आधीच बदललंय. चाक अजून फिरवलेलं नाही.

निर्मळच्या तळ्याजवळ मांडव घातलाय. त्याखाली आई उकिडवी बसली आहे, मी नुकतंच काढलेलं बारीक चाक मांडीला टेकवून. आजूबाजूला वीसबावीस सायकली उलट्या करून ठेवलेल्या. कौस्तुभ हातात घड्याळ धरून उभा. आता हॅण्डल उचलायचं आणि चाकाला एक टिचकी मारायची, एवढंच. घासलं तर माझी राइड इथे संपली, आणि आईने भर दुकानात दिलेला शब्दही.

चाक तसंच राहू दे. आधी गेला रविवार.

२८

राइड साधी आहे. कौस्तुभचं वसईत सायकलचं दुकान आहे, त्याच्या ग्रुपने ठरवलेली. पन्नास किलोमीटर डांबर, मग तीस किलोमीटर वाड्यांमधल्या मातीच्या वाटा आणि मिठागराचे बांध. सायकल एकच. मध्ये निर्मळला थांबून चाकं बदलायची. एक्सलची चावी सोडून कुठलंही हत्यार नाही. दुसरी चाकं घेऊन घरचं एक माणूस उभं राहणार.

एकच सायकल हा नियम त्यांचा असेल, माझा तो हट्ट आधीपासूनचा. आमच्या ओसरीत तीन सायकली मावतील. पण या फ्रेमवर माझी पाठ दुखत नाही, माझे हात जिथे पडतात तिथे हॅण्डल असतं. तिला डांबरावर अठ्ठावीस मिलिमीटरचे टायर आणि मातीत बेचाळीसचे, दोन जोड चपला असाव्यात तसे.

चार महिने चाकं निवडत होते. एक्सल बारा मिलिमीटर, दोन्ही जोड्यांना तोच. ब्रेकची डिस्क एकशे साठची, सहा बोल्टची, दोन्हीकडे तीच. मागे अकरा गिअरची कॅसेट, एकसारख्या दोन घेतल्या, चाक बदललं की गिअर कुरकुरायला नकोत म्हणून. रोडचं रिम आतून एकवीस, मातीवाल्या ग्रॅव्हलचं पंचवीस. लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लावताना मी आकडे पुटपुटायचे. रोडची चाकं कौस्तुभकडून घेतली. ग्रॅव्हलची वटारच्या ॲन्सेल्म अंकलची, ते आता सायकल चालवत नाहीत.

सगळं तपासलं. एक सोडून.

हब, म्हणजे चाकाच्या मधले तुंबे, दोन कंपन्यांचे. आणि दोन कंपन्या डिस्क अगदी एकाच जागी बसवत नाहीत. माझ्या चार महिन्यांत हे कुठल्या कागदावर छापलेलं दिसलं नाही.

"घासतंय," गेल्या रविवारी दुकानात चाक फिरवून कौस्तुभ म्हणाला. "ब्रेक रोडच्या चाकाला सेट आहे. ग्रॅव्हलचं लावलं की डिस्क बाहेरच्या पॅडला लागते. मागचं बसलंय नशिबाने, पुढचं नाही."

"मग ब्रेक सरकव ना."

"सरकवतो. मग रोडचं घासेल. निर्मळला काय करशील? हत्याराला हात लावलास की आउट."

"काहीतरी असेल."

"पातळ चकत्या येतात, शिम म्हणतात. डिस्कखाली टाकायच्या. बाहेरून मागवायच्या, तीन आठवडे. या वर्षी राहू दे, दिपिका."

आई मेथीची पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती. "किती?" तिने विचारलं.

"काय किती, काकू?"

"फरक. किती थाऊ?"

कौस्तुभने माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम चेनकडे.

"काकू, थाऊ म्हणजे?"

"एका इंचाचे हजार तुकडे कर, पोरा. त्यातला एक. तीन आठवडे कशाला? रविवारच्या आत मी देते करून."

ट्यूब घ्यायला आलेला एक जण हसला. "काकू, पोळी लाटायची नाहीये ती."

"तुला जमते का पोळी?" आईने विचारलं. "गोल?"

दुकानात सगळे हसले. त्या हसण्यात आईचा शब्द पक्का झाला. मग आम्ही मेथी घेऊन घरी आलो, आणि तिने कपाट उघडलं.

१६

आईचं नाव रंभा. सातिवलीच्या एका कारखान्यात ती पॅकिंगला लागली आणि सहा वर्षांनी लेथवर, लोखंड कातायच्या मशीनवर, उभी राहिली. त्या गाळ्यांच्या रांगेत लेथवर दुसरी बाई नव्हती. एकोणीस वर्षं तिथे. मग कंप्युटरचं मशीन आलं आणि मालक म्हणाला, रंभाबाई, तुम्ही परत पॅकिंगला बसा. ती बसली नाही. स्वतःचं मायक्रोमीटर लाकडी पेटीसकट घरी आणलं. दोन वर्षं ते कपाटात आहे, लग्नाच्या शालूखाली.

तेच आता बाहेर आलं.

शनिवारी सकाळी आम्ही सातिवलीला गेलो. मी एक चाक खांद्याला अडकवून, आई दुसरं छातीशी धरून. रिक्षावाल्याने विचारलं, बाकीची सायकल कुठाय? तिच्याबरोबर शिकलेल्या रमेशकाकांचा आता स्वतःचा गाळा आहे.

"रंभाताई! या, या. मशीन वाट बघतंय तुमची."

"पुसलंय का?"

"नाही."

"मग काय वाट बघतंय."

तिने मशीन पुसलं. मगच चाकं मोजायला घेतली, एक्सलच्या टोकापासून डिस्कपर्यंत, तीन तीन वेळा. सोळा थाऊ. ग्रॅव्हलच्या चाकाची डिस्क तेवढी बाहेर. मी हिशोब केला, पॉइंट चार मिलिमीटर. आईला मिलिमीटर नको होते.

आता चूक. ही चूक लेथवर एकोणीस वर्षं काढलेलं माणूसच करू शकतं.

"डिस्क बाहेर आहे ना? मग हबचं सोळा थाऊ कापू," ती म्हणाली. "आत जाईल."

अख्खं चाक लेथवर मावत नाही. म्हणजे आरे सोडायचे, अठ्ठावीस. तिने चावी पहिल्या आऱ्याला लावली. रमेशकाका टूलला धार काढायला वळले. मला बरोबर वाटलं. दोघांचंही आयुष्य धातू कापण्यात गेलेलं. जास्त आहे ते काढायचं.

चावी पाव फेरा फिरली. आणि थांबली.

आईने ते चाक खाली ठेवलं. रोडचं उचललं, डिस्कच्या मुळाशी अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघितलं.

"ब्रेक कोन्त्या चाकाला लावलाय म्हनालीस?"

"रोडच्या. ते चांगलं आहे म्हणून."

"चांगलं आहे म्हनून." ती हसायला लागली. "रमेश, ठेव ते टूल. आपन येडी आहोत. मोठ्याला कशाला कापतोय? बारकं आत आहे ना, त्याला उचलू. चकती ह्याच्याखाली टाकू. मग ब्रेक ह्या मातीवाल्या चाकाला लावायचा, दोन्ही सारखी."

कौस्तुभ चकत्यांचं बोलला होता तेव्हा मी ऐकलं होतं. कुठल्या चाकाला, हे मी विचारलंच नव्हतं. माझी नवी चाकं हेच माप, आणि अंकलच्या जुन्यांनी त्यांच्यासारखं व्हायचं, असं मी धरून चालले होते.

सोळाची पट्टी मिळाली नाही. आठची स्टीलची पट्टी होती, वहीच्या पुठ्ठ्याहून पातळ. म्हणजे दोन चकत्या. इतक्या पातळ पत्र्याला सरळ भोक पाडलं तर तो फाटतो, कडेला दात येतात. आईने पत्र्याचे दोन तुकडे जाड पाट्यांच्या मध्ये दाबले, डिस्कचीच सहा भोकं वर उतरवली, ड्रिल केली. त्याच सहा भोकांत बोल्ट घालून सगळं सँडविच लेथवर चढवलं आणि आतून, बाहेरून गोल कापलं.

मशीन सुरू झालं तेव्हा तिने पदर खोचला. शेजारच्या गाळ्यातली दोन माणसं दारात येऊन उभी राहिली. त्यांच्याकडे तिचं लक्ष नव्हतं. माझं होतं. मी थोडी बाजूला झाले, त्यांना नीट दिसावं म्हणून.

चकत्या काचेवर बारीक कागदाने घासल्या. मोजल्या. आठ. आठ. मग तिचा हात सवयीने तेलाच्या डब्याकडे गेला.

"आई! डिस्कला तेल नाही!"

"खारी हवा आहे गो आपली. लोखंडाला तेल नको?"

"ब्रेक लागणार नाही. मी थेट खाडीत."

"मग चिखल काढून घरी ये," ती म्हणाली, आणि डबा लांब ठेवला.

पाव फेरा सैल झालेला आरा तिने पाव फेरा आवळला. संध्याकाळी आमच्या अंगणात ब्रेक मातीवाल्या चाकाला लावून मी चाकं नऊ वेळा बदलली. नऊ वेळा गप्प फिरली.

पण ते अंगण होतं. आज मी पन्नास किलोमीटर खड्डे खाऊन आले आहे. ब्रेक केसभर हलला असेल तर संपलं.

४२, पुन्हा

तर, निर्मळ. तळं, मांडव, कौस्तुभचं घड्याळ. शेजारच्याचं चाक घासतंय, खिस्स, खिस्स, आणि तो देवाचं नाव घेतोय. पोळीवालाच आहे तो.

मी हॅण्डल उचललं. टिचकी मारली.

काही नाही.

म्हणजे आवाज काही नाही. चाक फिरत होतं. बेचाळीसचा टायर, त्याच्या गाठी धूसर होऊन एक सलग पट्टा झालेला, आणि डिस्क दोन पॅडच्या मधून जात होती, दोन्हीकडे उजेडाची एक एक रेघ ठेवून. आईने ती रेघ बघायला मान तिरकी केली. मग सीट धरून कान जवळ नेला.

कौस्तुभ वाकला. त्याने खाली ठेवलेलं रोडचं चाक उचललं, डिस्कखालची चकचकीत कड नखाने चाचपली.

"काकू, कुठून आणल्या?"

"सातिवली."

"कुठल्या कंपनीच्या?"

आईने उजवा हात फक्त वर केला, पाची बोटं पसरून. बोटांच्या पेरांत कालचं काळं अजून होतं, साबणाने न गेलेलं.

माझ्यामागून आलेले दोघं चाकं बदलून निघूनही गेले. मी हॅण्डल धरून उभी. चाक अजून फिरतंय.

"आई, सोड. वेळ जातोय."

"जाऊ दे गो," ती म्हणाली. मग पोळीवाल्याकडे वळून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी, "ए पोरा! तुझं जरा थांबव. माझं ऐकू येत नाही."

त्याने खरंच चाक हाताने धरून थांबवलं.

माझं चाक आपलं आपण हळू झालं, एकदा किंचित मागे झुललं आणि व्हॉल्व्ह खाली येऊन उभं राहिलं. तेव्हा आईने सायकल माझ्या हातात नीट दिली, आणि मी मातीकडे निघाले.