लेडी ऑगस्टाचं कार्नेशन

हॅरोबीच्या किल्ल्याकडे बघून टॅमसिनने नाक मुरडलं. आठशे वर्षं उभा आहे म्हणे! दगडच ते, उभे नाही राहणार तर काय नाचणार? आत सरदारांच्या खापरपणजोबांची ओळीने चित्रं. एकालाही धड हनुवटी नाही.

पण तिचं डोकं फिरलं ते रांगेत. किल्ल्याच्या ज्या बागेत विल्फ आजोबांनी चाळीस वर्षं कुदळ चालवली, तिथेच आज ते टोपी हातात धरून, तिकीट काढून शिरत होते! हवी होती फक्त एक फांदी, घरी लावायला. लवंगेच्या वासाचं ते पांढरं कार्नेशन, ती फुलाची जातच त्यांनी तयार केलेली. घरचं रोप हिवाळ्यात गारठून मेलं. आता उरलं ते एवढंच, तटाखालच्या वाफ्यात. पाटीवर नाव मात्र किल्ल्याच्या मालकीणबाईंचं: ‘लेडी ऑगस्टा’.

"लेडीसाहेबांनी स्वतःच्या हातांनी घडवलं हं हे," बिल्लेवाल्या मिसेस पेलिंग म्हणाल्या. काम बिनपगारी राखणीचं, पण तोरा असा की किल्ला यांच्याच बापाचा.

"हातमोजे काढून की घालून?" टॅमसिनने विचारलं.

"गप गं!" आजोबा पुटपुटले. "माफ करा बाई, याची एक फांदी मिळेल का?"

"मुळीच नाही. पिशवीत कात्र्या घेऊन येतात मेले! दुकानात लव्हेंडर आहे, ते घ्या."

"माफ करा," आजोबा पुन्हा म्हणाले आणि मागे सरले. माफी मागायची, तीही यांनी!

कात्री? टॅमसिनला हसूच आलं. कार्नेशनला कात्री कशाला? कळी नसलेला कोंब पेराशी धरायचा, हलकेच ओढायचा, टचकन सुटतो. आजोबांनीच शिकवलेलं. ती बुटाची नाडी बांधायला वाकली.

"ए मुली! पिशवी दाखव."

कात्री नव्हतीच. बाईंनी आतला डबा उघडला, तसा अंड्याच्या सँडविचचा भपकारा सुटला.

"शी! जा, जा."

कुंपणाच्या झाडांआड टॅमसिनने सँडविचचा वरचा पाव उचलला. अंड्यात रुतलेला हिरवा कोंब. आजोबा त्याच्याकडे बघतच राहिले. आता आजोबा तो परत द्यायला लावणार, तिने ओळखलं.

"एकच?"

"अं?"

"अगं वेडे, तीन लावावे तेव्हा एक जगतो. हेच शिकलीस का माझ्याकडून?" सकाळपासून हातात चुरगळलेली टोपी त्यांनी डोक्यावर चढवली. "चल परत. या वेळी माझी नाडी सुटणार आहे. तू बाईंना लेडीसाहेबांबद्दल विचार. पार जन्मापासून."